ठाणे-नवी मुंबईत मासळीचा टेस्टिंग मेनू: टेबल बुक करण्यापासून बिल तपासण्यापर्यंत

वाशी, बेलापूर, पाम बीच रोड, तिकडे ठाण्यात घोडबंदर रोड. मासळीची महागडी हॉटेलं आता आपल्या बाजूला कमी राहिलेली नाहीत. कापडी नॅपकिन, वाइनचे ग्लास, दाराशीच बर्फावर मांडलेली मासळी, सगळा थाट असतो. आणि आपण तिथे जाऊन मागवतो काय? सुरमई फ्राय, कोळंबी कोळीवाडा, एक तंदुरी पापलेट आणि शेवटी कालवण-भात. साध्या खानावळीत मागवलं असतं तेच, फक्त दर दुप्पट-तिप्पट. एवढे पैसे मोजायचे असतील तर त्या किचनकडून त्याला जमणारी जास्तीची गोष्ट काढून घ्यायला हवी. ती म्हणजे टेस्टिंग मेनू.

टेस्टिंग मेनूत पदार्थ तुम्ही निवडत नाही, किचन निवडतं. लहान-लहान वाढप, एकामागून एक, साधारण पाच ते नऊ कोर्स, आणि बसायचं अडीच-तीन तास. मुंबईत महालक्ष्मीला २०१६ साली सुरू झालेल्या ‘मास्क’ने अख्खं रेस्टॉरंटच या पद्धतीवर चालवून दाखवलं. खाडीच्या या बाजूला छापील टेस्टिंग मेनू फारसे दिसत नाहीत. मोठ्या हॉटेलांत अधूनमधून वाइन डिनर होतात, बाकी ठिकाणी मेनूकार्डच असतं. पण चांगल्या किचनला दोन दिवस आधी सांगितलं तर ते चार-सहा जणांसाठी असा मेनू बांधून देतं. नाहीच दिला, तर मेनूकार्डावरूनच तो आपल्याला रचता येतो. खाली दोन्ही रस्ते सांगतो.

दिवस कुठला धरायचा

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत पाम बीचवरच्या हॉटेलात तुमच्या पुढ्यात येणारं मोठं पापलेट बहुतेक करून डीप फ्रीजरमधलं असतं, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेलं. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यापासून तिकडचा माल इकडे येऊ लागतो. तो वाईट असतो असं नाही, पण प्रवास करून आलेला असतो. पावसाळ्यात जायचंच असेल तर समुद्राची मासळी सोडा आणि खाडीची मागा: जिताडा, बोय, चिंबोरी, निवट्या. पनवेल-पेणकडच्या माणसाला जिताड्याचं महत्त्व सांगायला नको. तो आता तळ्यांतही वाढवतात, त्यामुळे बंदीच्या काळातही ताजा मिळू शकतो.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी नियमित जायला लागल्या तरी लगेच धावू नका. श्रावणात निम्मं गिऱ्हाईक शाकाहारी असतं आणि हॉटेलात माल हळू खपतो. गणपती होऊन गेले की पुढे फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. बोंबील तेव्हा भरपूर, पापलेट चांगलं.

आता वार. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपले मासे खायचे वार, म्हणून त्या दिवशी माल ताजा आणि गर्दी जास्त. सोमवार, गुरुवार, शनिवारी अनेक घरांत वर्ज्य. गर्दी कमी, शेफ निवांत, पण कालचा माल ट्रेमध्ये पडून असण्याची शक्यताही जास्त. रविवारी रात्री टेस्टिंग मेनू मागणं म्हणजे किचनला आणि स्वतःलाही त्रास. माझं मत बुधवार रात्रीला. माल आलेला असतो आणि विकेंडची झुंबड नसते.

तिथीकडेही जरा बघा. डोलीची जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बोंबील, जवळा, करंदी जास्त येते आणि भांगेला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीला, कमी. चिंबोरीचं वेगळं गणित कोळीवाड्यात कोणीही सांगेल: अवसेची चिंबोरी भरलेली, पुनवेची पोकळ. शास्त्राने ते कितपत टिकतं हा वेगळा प्रश्न, पण त्या गणितावर भाव ठरतो हे खरं.

शेवटचं म्हणजे ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे सगळ्यांच्या लक्षात असतात. आषाढी एकादशी आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास विसरले जातात, आणि मग वाइन डिनरला सोडा पीत बसावं लागतं.

फोनवर काय बोलायचं

ऑनलाइन बुकिंगने टेबल मिळतं, मेनू मिळत नाही. फोन करा, आणि दुपारी चार ते सहाच्या मधे करा; तेव्हा मॅनेजरला बोलायला वेळ असतो. बोलणं साधारण असं:

‘नमस्कार, बुधवारी रात्री आठला सहा जणांचं टेबल हवंय. आम्हाला मेनूकार्डावरून मागवायचं नाही. शेफना विचारून त्या दिवशीच्या मासळीचे सहा कोर्स करून देता येतील का? वाढप लहान चालेल. एकाला कोळंबी-चिंबोरीची ॲलर्जी आहे, एक आजी आहेत, त्यांना काटे नकोत. प्रत्येकी बजेट एवढं आहे, वाइन वेगळी.’

बजेटचा आकडा स्वतःहून सांगा. मराठी माणूस इथे लाजतो, आणि मग बिल आल्यावर रात्रभर झोपत नाही. आकडा कळला की शेफ शेवंड ठेवायची की मोठी कोळंबी, हे त्याचं तो ठरवतो.

ॲलर्जीचं नीट सांगा, कारण नुसता पदार्थ वगळून भागत नाही. कोळंबी ज्या तेलात तळली त्याच तेलात बोंबील तळला की झालं. ‘वेगळं तेल वापराल का?’ हा प्रश्न फोनवरच विचारायचा, टेबलावर नाही.

वाइन स्वतःची आणायची असेल तर कॉर्केज घेतात का आणि किती, तेही आत्ताच विचारून घ्या. आणि घोडबंदरला जाणार असाल तर आठचं टेबल म्हणजे घरून आठला निघायचं असं नव्हे. टेस्टिंग मेनूत किचन तुमच्या येण्याच्या वेळेवर पदार्थ लावत असतं. तुम्ही मानपाड्याच्या सिग्नलला अडकलात की तिकडे पहिले दोन कोर्स थंड होतात.

दुपारी हलकं खा, पण उपाशी जाऊ नका. उपाशी माणूस पहिल्या पावावर आणि बटरवरच तुटून पडतो.

एपीएस आणि ट्रेमधला मासा

मेनूकार्डावर पापलेट, रावस, चिंबोरी, शेवंड यांच्यापुढे किमतीच्या जागी ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे भाव. बिलाची बहुतेक भांडणं या तीन अक्षरांतून होतात, म्हणून इथे थांबा.

वेटर ट्रे घेऊन येतो तेव्हा नुसतं ‘हां, चालेल’ म्हणू नका. तीन गोष्टी विचारा: वजन किती, भाव कशाचा, आणि एकूण किती होतील. भाव किलोचा आहे की १०० ग्रॅमचा, साफ करण्याआधीच्या वजनाचा की नंतरच्या? समजा १०० ग्रॅमला ३०० रुपये आहेत आणि रावस १.४ किलोचा निघाला, तर त्या एका माशाचे ४,२०० रुपये झाले. डोकं, काटे, पोटातली घाण सगळं त्या वजनात आलं. यात फसवणूक काही नाही, पद्धतच तशी आहे. आकडा आधी कानावर पडला पाहिजे एवढंच. वजनकाटा टेबलाशी आणायला सांगितलं तर चांगल्या हॉटेलात कोणी तोंड वाकडं करत नाही.

मासा बघायचा कसा, हे ज्यांच्या घरी आई बाजारात जायची त्यांना शिकवायला नको, पण आजकाल मासा ॲपवरून घरी येतो. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, खोल गेलेले आणि पांढुरके नकोत. कल्ले उचलायला सांगा, आत लाल हवं, तपकिरी नको. अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. पापलेट कल्ल्यापाशी दाबलं की पांढरट पाणी यावं. लालसर आलं तर परत पाठवा. वास समुद्राचा यावा, अमोनियाचा नको. आणि पापलेट तळहाताएवढंच असेल तर ताजं असूनही घेऊ नका. सिल्व्हर पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्य मासा म्हणून जाहीर केलं ते त्याची संख्या घटत चालली म्हणूनच. पिलं खाऊन तो वाढणार नाही, आणि त्या पिलाला चवही नसते.

चिंबोरी जिवंतच हवी. सुतळीने नांग्या बांधलेल्या असतात, उलटी करायला सांगा. पोटावरची झडप रुंद आणि गोलसर असेल तर मादी, निमुळती त्रिकोणी असेल तर नर. नराच्या नांग्यांत मांस जास्त, मादीत नशीब असेल तर केशरी गाबोळी. एकाच आकाराच्या दोन चिंबोऱ्या हातांत धरून जड ती घ्यायची.

मग वेटरला एक प्रश्न विचारा, ज्याने सगळं कळतं: ‘दादा, आज काय घेऊ नको म्हणाल?’ काय घ्या विचारलं तर तो सगळ्यात महाग सांगणार. काय नको विचारलं की जरा घुटमळतो, किचनच्या दाराकडे बघतो, आणि हळूच म्हणतो, ‘सुरमई आज राहू द्या साहेब.’ त्या वेटरला टिप चांगली द्या.

क्रम

पदार्थ चांगले असूनही जेवण फसतं ते क्रमामुळे. पहिल्याच घासाला तिरफळाचं किंवा लाल मसाल्याचं कालवण आलं की पुढे येणाऱ्या वाफवलेल्या तिसऱ्यांची चव जिभेला लागतच नाही. म्हणून सौम्याकडून तिखटाकडे, कच्च्याकडून वाफवलेल्याकडे, मग भाजलेलं-तळलेलं आणि शेवटी रस्सा. आपल्या घरच्या ताटाची सवय याच्या उलट आहे, तिथे सगळं एकदम वाढलेलं असतं. त्यामुळे वेटरला मुद्दाम सांगावं लागतं: ‘एक संपलं, प्लेट उचलली, की दुसरं.’ सांगितलं नाही तर स्टार्टर, मेन कोर्स, भात सगळं पंधरा मिनिटांत टेबलावर येऊन बसतं.

किचनने मेनू बांधून दिला तर क्रम त्यांच्यावर सोडा. स्वतः रचणार असाल तर मी असा लावतो.

सुरुवातीला एका घासाचं काहीतरी कुरकुरीत. कडक तळलेली मांदेली उत्तम, एका माणसाला तीन पुरतात. नाहीतर घावनाच्या तुकड्यावर परतलेला जवळा.

दुसरा कोर्स कच्चा किंवा लिंबात मुरवलेला. बऱ्याच घरांत इथे गाडी अडते आणि अडू दे. ज्याला नको त्याने सोडावा. कच्चा मासा देणाऱ्या किचनला विचारा की तो आधी खोल गोठवला होता का. परोपजीवी मारायला उणे २० अंशांवर ७ दिवस ठेवण्याची पद्धत आहे, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडचा कच्चा मासा खायचा नाही. कालवांचं अजून कडक. शिंपले पाणी गाळून जगतात, म्हणजे पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात. आपल्या खाडीचं पाणी कसं आहे ते ऐरोलीच्या पुलावरून जाताना नाकाला कळतं. कालवं कुठली आणि शुद्ध करून घेतलीत का, याचं सरळ उत्तर मिळालं तरच. गरोदर बाई, लिव्हरचा त्रास असलेला माणूस, म्हातारी माणसं यांनी कच्ची कालवं कुठेच खाऊ नयेत.

तिसरा वाफेचा: तिसऱ्या. नारळ घातलेल्या एकशिपी नको, नुसत्या लसूण, मिरची, कोथिंबिरीच्या पाण्यात उघडलेल्या मागा. वाटीभर पाणी उरतं ते प्यायचं. न उघडलेली शिंपली बाजूला ठेवा, चमच्याने जबरदस्तीने उघडू नका.

चौथा तळलेला. इथे बोंबील. दाबून सपाट केलेला, रव्यात घोळवलेला, बाहेरून कडक आणि आत जवळजवळ वितळणारा. महागड्या हॉटेलात बोंबील मागवायला लोकांना कमीपणा वाटतो. मला विचाराल तर किचनची परीक्षा शेवंडेत नाही, बोंबलात आहे. पाणी नीट निघालं नसेल तर तो तेलात पडला की चिखल होतो.

पाचवा म्हणजे रात्रीचा मोठा पदार्थ. बटर-मिरी-लसणातली चिंबोरी, किंवा भाजलेली शेवंड, किंवा कोळशावरचा रावस. यातलं एकच. तिन्ही मागवलं की तिघांचीही किंमत जाते.

मग सोलकढी, पण ग्लासभर नाही, दोन घोट. तोंड स्वच्छ करायला परदेशी हॉटेलांत लिंबाचं सरबत गोठवून देतात. आमसुलाचा आंबटपणा आणि नारळाचं दूध हे काम कधीपासून करत आलंय. फक्त लसूण कमी घालायला सांगा.

शेवटी कालवण आणि भात, वाटीभर. मसाला जेवढा तिखट हवा तेवढा आता चालेल. नंतर गोड म्हणून काही जड नको. शहाळ्याच्या मलईचं पुडिंग बऱ्याच ठिकाणी मिळतं, ते पुरे.

चार-पाच जण असाल तर खर्च आटोक्यात ठेवायची एक युक्ती आहे: एक मोठा मासा, तीन पदार्थ. सव्वा-दीड किलोचा रावस घ्या. मधल्या तुकड्या भाजून पाचव्या कोर्सला, पोटाकडचा चरबीचा भाग पातळ कापून, मिरी-लिंबू लावून, तळून चौथ्याला बोंबलाच्या जागी, आणि डोकं नि काटे शेवटच्या कालवणात. डोक्याचं कालवण तुकडीपेक्षा चवदार होतं हे कोळ्याला सांगायला नको. किचन याला नाही म्हणत नाही. विचारतच कोणी नाही.

वाइन

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, बाकी दारूसाठी २५. पिण्याचा परवाना लागतो. हॉटेलात एक दिवसाचा मिळतो, त्यात फार अवघड काही नाही.

मासळीबरोबर पांढरी वाइन, हे ऐकून सगळे पाठ करतात. कारण कळलं तर अपवादही कळतात. रेड वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडून तोंडात गंजलेल्या पत्र्यासारखी चव येते. शिवाय द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा मिरचीबरोबर कडू लागतो. म्हणून बांगडा, तारली अशा तेलकट माशाबरोबर रेड सगळ्यात वाईट. रेडच हवी असणाऱ्या काकांसाठी हलकी, कमी तुरट, थोडी गार केलेली मागवा आणि ती कोळशावरच्या रावसाबरोबर द्या.

आपल्या मसाल्यांशी जुळवताना तीन गोष्टी बघायच्या. तिखट असेल तर वाइनमध्ये जराशी गोडी हवी आणि अल्कोहोल कमी हवं. जास्त अल्कोहोलने तिखट आणखी पेटतं. पदार्थ आंबट असेल, म्हणजे आमसूल, चिंच, लिंबू, तर वाइन निदान तेवढी आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी लागते. तळलेलं असेल तर बुडबुडे हवेत.

हे आपल्या क्रमावर बसवून बघा. मांदेली आणि बोंबलाबरोबर स्पार्कलिंग ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची, गोडी नसलेली वाइन. नाशिकजवळ दिंडोरीला शाँदोन कंपनी ती बनवते, नाशिकच्याच सुलाचीही आहे. कच्च्या माशाबरोबर आणि तिसऱ्यांबरोबर सोव्हिन्यों ब्लां, तिचा लिंबू-हिरव्या मिरचीसारखा वास तिथे शोभतो. बटर-लसणातल्या चिंबोरीला शार्डोने, कारण लोण्याच्या जाडपणापुढे हलकी वाइन टिकत नाही. नारळाच्या दुधातल्या पदार्थांना व्हिओनिए. आणि लाल मसाल्याच्या कालवणाला थोडी गोडसर शेनां ब्लां. नाशिकच्या वाइनमध्ये ही सगळ्यात सहज मिळते, स्वस्तही असते, आणि मालवणी मसाल्याबरोबर तिच्यापेक्षा चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही. तंदुरी मासळीला रोझे चालते. रात्रभर एकच बाटली घ्यायची असेल तर शेनां घ्या.

परदेशी बाटलीच्या मागे लागण्याची गरज नाही. आयात करामुळे त्याच पैशांत तुम्हाला साधी परदेशी मिळते आणि उत्तम नाशिकची. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेली ही वाइनरी आहे, तिच्याही पांढऱ्या वाइन बघण्यासारख्या आहेत.

हिशोब असा: बाटली ७५० मिलीची, ग्लास साधारण १५० मिलीचा, म्हणजे पाच ग्लास. हॉटेलने पेअरिंग, म्हणजे प्रत्येक पदार्थाला जुळणारी वेगळी वाइन, दिलं तर प्रत्येक कोर्सला ६० ते ९० मिली ओततात. ७५ मिलीचे पाच घोट धरले तर माणशी अर्धी बाटली झाली. दोघंच पिणारे असतील तर पेअरिंगपेक्षा एक बाटली स्वस्त पडते. चार-पाच जण असाल तर दोन वेगळ्या बाटल्या घ्या, एक स्पार्कलिंग आणि एक शेनां, आणि पेअरिंगचा नाद सोडा. ग्लासवर मागवत असाल तर बाटली कधी उघडली ते विचारा. पांढरी वाइन फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते. परवाच्या रविवारची असेल तर नवीन उघडायला सांगा.

बाटली आली की वेटर लेबल दाखवतो. नाव आणि वर्ष मागवलं तेच आहे ना, एवढं बघायचं. मग थोडी ओतून देतो. हा घोट आवडली का हे सांगायला नसतो, खराब झाली नाही ना हे बघायला असतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाने बिघडलेली, व्हिनेगरसारखा आला तर हवा लागलेली; दोन्हीत बाटली बदलून देतात. आपल्या हवेत तिसरा धोका म्हणजे उष्णता: गोदामात शिजलेली वाइन मोरांब्यासारखी लागते. बाकी वेळा मान हलवा आणि पुढे चला. पांढरी ८ ते १२ अंशांवर हवी, स्पार्कलिंग त्याहून गार. कोमट आली तर बर्फाची बादली मागा. बादलीत बर्फाबरोबर पाणीही हवं, नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही. ग्लासात बर्फ टाकू नका म्हणतात. मे महिन्यात, एसी बिघडलेला असताना, टाका.

न पिणाऱ्यांना कोक देऊन बसवू नका. आमसुलाचं सरबत कमी साखरेचं, ताक, आल्याचा सोडा, असे कोर्सप्रमाणे बदलून देता येतात. फोनवर सांगितलं असेल तर किचन हौसेने करतं.

काटा-चमचा की हात

मधल्या काट्याचा अख्खा मासा काट्या-सुरीने खायचा तर पाठीच्या कडेने सुरी घालून वरची बाजू सोडवा, ती खा, मग शेपटीकडून मधला काटा उचला, तो अख्खा निघून येतो. मासा उलटा करायचा नाही. वेटरला ‘फिले करून द्या’ म्हटलं तर तोच टेबलाशी करून देतो. काटा तोंडात आला तर हाताने काढून प्लेटच्या कडेला ठेवावा, त्यात काही असभ्य नाही.

चिंबोरी मात्र हातांनीच. लोखंडी चिमटा येतो, बारीक काटा येतो, आणि चकचकीत शर्टाची भीती वाटत असेल तर एप्रन मागा. आधी पाय पिळून काढा, मग पाठ वेगळी करा. आतले करडे, पिसासारखे कल्ले फेकायचे, पिवळं-केशरी ठेवायचं. धडाचे दोन तुकडे केले की खणाखणांतून पांढरं मांस निघतं. नांगीला चिमट्याने एकदाच, सांध्याच्या जवळ दाबा. चार वेळा ठोकली की कवचाचे तुकडे मांसात जातात आणि रस समोरच्या सासूबाईंच्या साडीवर. नंतर लिंबू घातलेलं कोमट पाणी वाटीत येतं, ते बोटं धुवायला असतं.

कालवण-भात चमच्याने खायचा का? खाऊ नका.

फोटो एकाने काढावेत, बाकीच्यांनी जेवावं. बोंबील दोन मिनिटांत मऊ पडतो.

सोबत कोण आहे

टेबलावर एखादं शाकाहारी असणारच. कोणाचा गुरुवार, कोणाचा मार्गशीर्ष. त्यांना पनीर टिक्का देऊन मोकळं होऊ नका. फणसाची भाजी, काजूची उसळ, सुरणाचे रवा लावून तळलेले काप, वालाचं बिरडं, हे सगळं मालवणी-आगरी किचनला येतं आणि तुमच्याच क्रमात बसतं. फक्त आधी सांगायला हवं. दहा वर्षांखालच्या मुलांना तीन तासांचं जेवण झेपत नाही. त्यांना तळलेल्या कोर्सच्या वेळी भात आणि काटे काढलेला रावस देऊन टाका.

बिल आणि परतीचा रस्ता

बिल आलं की एपीएसच्या पदार्थांचं वजन आधी ताडून बघा, मग बाटल्यांची संख्या. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो. खोलीचं भाडं ७,५०० रुपयांवर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. पाच हजारांच्या जेवणावर हा फरक ६५० रुपयांचा, म्हणून जागा ठरवतानाच धरा. वाइनवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. जेवण आणि पेअरिंग एकाच रकमेत दिलं असेल तर दोन्ही वेगळं दाखवायला सांगा, नाहीतर वाइनवरही जीएसटी लावला की काय ते कळत नाही.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं बजावलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ‘हा काढून द्या’ एवढं शांतपणे म्हणा, बहुतेक ठिकाणी काढतात. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. काढून घेतला असेल आणि सेवा चांगली असेल तर टिप रोख द्या, ज्याने सुरमई राहू द्या म्हटलं त्याच्या हातात.

उरलेलं बांधून घ्यायचं तर कालवण आणि भाजलेला मासा घ्या. तळलेलं नको, कच्चं तर मुळीच नको. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळलं की गुन्हा, आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पेअरिंगची अर्धी बाटली पोटात गेल्यावर ती मर्यादा ओलांडली गेली असं धरूनच चाला, ‘मी ठीक आहे’ला अर्थ नाही. जाताना कॅबने जा. गाडी नेलीच असेल तर न पिणारा कोण हे निघतानाच ठरवा. वाशीहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकल आहे, पण तीन तासांचं जेवण उरकून ती पकडायची तर टेबल साडेसातचंच घ्या.